गोळी तोंडात जाते, पोटात जात नाही: ऑपरेशननंतर कुत्र्या-मांजराचं औषध नेमकं कुठे अडतं?

ऑपरेशन झालेली कुत्री-मांजरं टाके निघेपर्यंत माझ्याकडे राहायला येतात. कुणाची नसबंदी, कुणाचे दात काढलेले, कुणाच्या मोडक्या पायात सळई. दुखणी वेगवेगळी, पण ज्यांच्या घरी अशी जनावरं बरी होत असतात त्यांचे फोन एकाच तक्रारीचे: "औषध वेळेवर देतोय, तरी फरक नाही." मी सोफा सरकवायला सांगते. खाली दोन-तीन गोळ्या निघतात. अर्धवट विरघळलेल्या, केस चिकटलेल्या.

मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती आणि किती दिवस, हे ऑपरेशन करणाऱ्याने ठरवायचं. माझा अनुभव आहे तो पाकिटापासून पोटापर्यंतच्या वाटेचा, आणि बिघाड बहुतेक वेळा त्या वाटेवरच सापडतो.

लक्षणं

- गोळी दिल्यावर थोड्या वेळाने ती गादीवर, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेल्या प्लास्टिकच्या कोनात किंवा पाण्याच्या भांड्यात सापडते.
- औषध दिल्याबरोबर तोंडाला फेस, लाळेच्या तारा, डोकं झटकणं.
- काल मिटक्या मारत खाल्लेला घास आज नुसता हुंगून सोडला जातो.
- पाकीट वाजलं की प्राणी पलंगाखाली.
- औषधानंतर तासा-दोन तासांत उलटी.
- डोस "चालू" असूनही प्राणी कण्हतो, पाठ कमानीसारखी करून बसतो, टाक्यांजवळ हात गेला की वळून बघतो, रात्रभर जागा बदलत राहतो.

शेवटचं लक्षण एकटंच असेल तर औषध कमी पडत असण्याची शक्यता आहे, सरळ डॉक्टरांना फोन करा. वरचं एखादं सोबत असेल, तर औषध पोचतच नाहीये असं आधी धरून चाला.

पहिल्या चुकलेल्या डोसलाच पकडायचं, याला कारण आहे. जखमेकडून दुखण्याचे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त हळव्या होतात आणि साध्या स्पर्शानेही दुखायला लागतं. आधीपासून दाबून ठेवलेलं दुखणं थोड्या औषधात आटोक्यात राहतं, भडकलेलं राहत नाही. म्हणजे सकाळची गोळी सोफ्याखाली गेली की संध्याकाळी तोच प्राणी तोंडाला हात लावू देत नाही, आणि संध्याकाळचीही गोळी वाया जाते. लोक याला हट्टीपणा म्हणतात. मला तो बहुतेक वेळा सकाळच्या गोळीचा हिशेब वाटतो.

१. गोळी खरंच गिळली का, ते बघा

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. कुत्रा ओठ आणि हिरडीच्या मधल्या खळग्यात गोळी धरून ठेवतो. मांजर गालात ठेवतं आणि साळसूदपणे पलीकडच्या खोलीत जाऊन थुंकतं. गोळी दिल्यावर प्राण्याने स्वतःचं नाक चाटलं, तर बहुधा ती घशाखाली उतरली. नाही चाटलं, तर अजून तोंडातच आहे असं समजून तिथेच बसा.

पाकिटातल्या गोळ्या मोजा आणि एक कागद भिंतीला लावा: वेळ, औषध, गिळली की थुंकली, किती खाल्लं, लघवी-शी झाली का. कागद लावल्याने दुसराही बिघाड टळतो. माझ्याच घरी एकदा सकाळचा डोस दोनदा गेला होता. मी दिला, मी बाहेर पडल्यावर घरच्यांनीही दिला, आणि दोघांनाही वाटलं आपण किती काळजी घेतो! तेव्हापासून ज्याने गोळी दिली त्यानेच लगेच लिहायचं, असा नियम आहे.

थुंकलेली गोळी अख्खी सापडली तर पुसून पुन्हा देता येते. अर्धी विरघळलेली असेल तर किती पोटात गेली याचा अंदाज बांधत बसू नका, फोन करून विचारा. आणि पुढचा डोस दुप्पट करायचा नाही, कधीच नाही.

२. चिठ्ठी पुन्हा वाचा

एकदा वाचलेली असते, पण ती दवाखान्याच्या दारात, एका हातात पिंजरा धरून. आता घरी बसून वाचा.

आधी बघा, घरचा पहिला डोस कधी द्यायचा आहे. सूज आणि वेदना कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन बऱ्याचदा दवाखान्यातच दिलेलं असतं आणि त्याचा असर दिवसभर राहतो. अशा वेळी घरची गोळी दुसऱ्या दिवसापासून असते. त्याच संध्याकाळी दिली तर डोस दुप्पट होतो. चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नसेल तर विचारून घ्या.

मग बघा, औषध जायचं कुठे आहे. मांजराला ब्युप्रेनॉर्फिन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) दिलं असेल तर ते बऱ्याचदा गिळायचं नसतंच. ते गालाच्या आत, हिरडीला लागेल असं सोडायचं असतं, म्हणजे तिथल्या ओल्या त्वचेतून थेट रक्तात जातं. गिळलं तर यकृत त्याचा बराचसा भाग रक्तात फिरण्याआधीच मोडून टाकतं. एका मांजरीला तीन दिवस हे औषध जेवणात कालवून दिलं जात होतं. बशी रोज चाटूनपुसून स्वच्छ, आणि मांजरी रोज दुखण्याने गोळा होऊन बसलेली. अख्ख्या पोस्टमधला हा एकच बिघाड असा, की ज्यात औषध पोटात जाणं हीच चूक.

पातळ मेलॉक्सिकॅम (सूज आणि वेदना कमी करणारं औषध) असेल तर बाटलीवरचा आकडा बघा. कुत्र्यांसाठीचं द्रावण सहसा एका मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम असतं, मांजरांसाठीचं ०.५. बाटल्या सारख्याच दिसतात, ताकद तिप्पट वेगळी. सोबतच्या सिरिंजवर कधी मिलिलिटरच्या खुणा असतात, कधी जनावराच्या वजनाच्या, किलोत. एका बाटलीची सिरिंज दुसऱ्या बाटलीला लावायची नाही. बाटली नीट हलवून घ्यायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता देत गेलात तर पहिले काही दिवस नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटी सगळा गाळ एकदम.

जेवणासोबत की उपाशीपोटी, तेही चिठ्ठीवरच. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन अशी औषधं सहसा खाण्यासोबत देतात, कारण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही ही औषधं कमी करतात.

दुखणं आणि भीती कमी करणारं गॅबापेंटिन चालू असेल तर प्राणी झोपाळू होणं, मागचे पाय जरा लटपटणं अपेक्षित आहे, पण उठवूनही उठत नसेल तर ते अपेक्षित नाही. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल हा गोडवा असू शकतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर तो झपाट्याने पाडतो, यकृतालाही इजा करतो. घरात कुणाची तशी बाटली असेल तर तिच्यातून कुत्र्याला थेंबही नको.

३. कोन काढा, खाणं कोमट करा

कितीदा तरी एवढ्यावरच काम भागलं आहे. प्लास्टिकचा कोन भांड्याच्या कडेला अडतो, मांजराच्या मिशा दाबतो, बाजूचं दिसू देत नाही. अशा अवस्थेत पुढे आलेला हात कुणालाही संशयास्पदच वाटेल. तुम्ही समोर बसलेले असाल तेवढ्या वेळापुरता कोन काढा, पसरट बशीत खायला द्या, औषध द्या आणि लगेच परत घाला. "पाच मिनिटांनी घालतो" म्हणणाऱ्यांचे टाके मी उसवलेले पाहिले आहेत.

ओलं खाणं अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर खातं ते मुख्यतः नाकाने. भूल देताना श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे एक-दोन दिवस घसा खवखवतो, थोडा खोकलाही येतो. मोठा कोरडा घास त्या घशाला नको असतो. पहिल्या रात्री नेहमीच्या निम्मं खाल्लं तरी पुरे.

४. लपवा, पण एका घासात

गोळी लपवायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो लपवण्याच्या पद्धतीत. पहिली चूक म्हणजे गोळी कुटून अख्ख्या जेवणात कालवणं. प्राणी पाऊण जेवण खातो आणि तुम्हाला पाऊण डोस मिळाल्याचा हिशेब करावासा वाटतो. तो हिशेब खोटा असतो, कारण औषध जेवणात सारखं पसरलेलंच नसतं.

यात मांजराचा वेगळा धोका आहे. एकदा जेवण कडू लागलं की मांजर तो पदार्थच सोडून देतं, आणि मांजराला उपास परवडत नाही. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेलं नाही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यातून जिवावरचा आजार होतो. म्हणून मांजराचं जेवण वेगळं, औषधाचा घास वेगळा. दोन्हींचा पदार्थही वेगळाच असावा.

माझी पद्धत तीन घासांची. जेवणाच्या वेळेला, भूक लागलेली असताना, पण जेवणाआधी. पहिला घास रिकामा. दुसऱ्यात गोळी. तिसरा रिकामा, आणि तो दुसरा तोंडात असतानाच नाकासमोर धरायचा. पुढचं गमावू नये म्हणून प्राणी हातचं पटकन गिळतो. घास एवढा लहान हवा की चावावाच लागू नये. मोठा घास चावला जातो, आणि चावला की गुपित फुटलं.

आता हाताची गोष्ट. गोळी ज्या बोटांनी धरली त्याच बोटांनी घास वळला तर घासाच्या बाहेरच औषधाचा वास लागतो. कुत्र्याच्या नाकासमोर ती उघडी चोरी. एका हाताने गोळी, दुसऱ्या हाताने घास. मला हे उमगायला फार वर्षं लागली, आणि उमगल्यावर निम्मी भांडणं संपली.

घासात काय असावं, हे प्राण्याच्या पोटावर आणि ऑपरेशनवर ठरतं. आतड्याचं ऑपरेशन असेल किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर चरबीचं काही देण्याआधी विचारा. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे नकोत. शेंगदाण्याचं लोणी वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते आधी वाचा. आणि चीज किंवा दही हे सगळ्यांचं लाडकं साधन काही अँटिबायोटिकांबरोबर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लोक्सॅसिन असेल तर दुधातलं कॅल्शियम औषधाला आतड्यातच पकडून ठेवतं आणि रक्तात कमी जाऊ देतं. गोळी आनंदाने खाल्ली जाते आणि जखम मात्र चिघळत राहते.

कडू गोळी तोडली की आतला कडवटपणा उघडा पडतो. ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक आणि मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक यात कुप्रसिद्ध आहेत. मांजराच्या जिभेला लागलं की तोंडातून साबणासारखा फेस येतो आणि माणसं घाबरतात. हा बहुतेक वेळा नुसत्या चवीचा फेस असतो, थोड्या वेळात ओसरतो. ओसरला नाही, किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटलं, तर वाट बघू नका. यावर स्वस्त उपाय म्हणजे जिलेटिनची रिकामी कॅप्सूल. अर्धी केलेली गोळी तिच्यात घाला, बाहेरून ओल्या खाण्याचं बोट फिरवा. आधी डॉक्टरांना विचारा, आणि हात कोरडे ठेवा, नाहीतर कॅप्सूल बोटांनाच चिकटते. ज्या गोळीवर विशिष्ट वेष्टण आहे किंवा जी हळूहळू विरघळण्यासाठी बनवली आहे, ती तोडायची किंवा कुटायची नाही. दिवसभराचं औषध एकदम बाहेर पडतं, किंवा जठरातल्या आम्लात फुकट जातं.

५. हट्ट, मळमळ की दुखणं?

घास नाकारला की लगेच तोंड उघडायला धावू नका. आधी पाच मिनिटं लांबून बघा. औषध दिसण्याआधीच लाळ गळतेय, ओठ चाटणं चालू आहे, कोरडे घोट गिळतोय, खाण्याकडे येऊन मान फिरवतोय, तर ती मळमळ आहे. भुलीने, अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांनी आणि काही अँटिबायोटिकांनी ती होते. मळमळणाऱ्या पोटात जबरदस्तीने गोळी ढकलली तर ती बाहेरच येणार, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला बघूनच पळणार. मळमळीवर मॅरोपिटंटसारखी औषधं आहेत. फोन करा आणि मागा.

डोसनंतर उलटी झाली तर स्वतःहून दुसरी गोळी देऊ नका. किती मिनिटांनी झाली आणि तिच्यात गोळी दिसली का, हे सांगून विचारा.

सूज उतरवणारं वेदनाशामक, म्हणजे मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन, रोबेनाकॉक्सिब, फिरोकॉक्सिब यांपैकी काही चालू असताना उलट्या, जुलाब, डांबरासारखी काळी शी किंवा खाणं पूर्ण बंद झालं, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ही औषधं जठराचं अस्तर उघडं पाडतात हे वर आलंच, पण मूत्रपिंडाचाही प्रश्न आहे. अंगात पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं स्वतःच बनवलेलं द्रव्य वापरतं, आणि ही औषधं नेमकं तेच बनू देत नाहीत. म्हणून न खाणाऱ्या, न पिणाऱ्या प्राण्याला "निदान दुखायचं तरी थांबेल" म्हणून ही गोळी भरवणं हा दयाळूपणा अंगाशी येतो.

दुखतंय का, हे मांजराच्या चेहऱ्यावरून ओळखायची एक मोजपट्टी आहे, फेलाइन ग्रिमेस स्केल. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. कान, डोळ्यांचं आकसणं, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. बेरीज ४ किंवा जास्त आली तर दुखणं आवरण्यासाठी आणखी औषध लागेल का, हे डॉक्टरांना विचारायची वेळ आली. कान बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली: हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही. मात्र मांजर झोपलेलं किंवा खात असताना गुण द्यायचे नाहीत.

कुत्र्याचा व्हिडिओ काढा. बसलेला, उठताना, चार पावलं चालताना. फोनवर "बरा वाटत नाही" म्हणण्यापेक्षा तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगून जातो. पहिल्या रात्रीचं कण्हणं कधीकधी दुखण्याचं नसून भुलीच्या आणि अफूवर्गीय औषधांच्या गोंधळाचं असतं. तेही व्हिडिओवरूनच ठरवता येईल, तुमच्या-माझ्या अंदाजावरून नाही.

६. हाताने भरवणं

आता कठीण भाग. जबड्याचं, तोंडाचं किंवा मानेचं ऑपरेशन असेल, दात काढलेले असतील, तर ही पायरी करायचीच नाही. थेट आठव्या मुद्द्यावर जा.

कुत्रा: एका हाताने वरचा जबडा वरून धरा, अंगठा सुळ्याच्या मागच्या रिकाम्या जागेतून टाळूवर. ओठ दातांवर दुमडलेले राहू द्या, म्हणजे चावलं तर आधी स्वतःचाच ओठ लागतो आणि तो विचार बदलतो. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा खाली, अंगठा आणि तर्जनीत धरलेली गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर, मधोमध. कडेला टाकली की ती चावून बाहेर. तोंड मिटा, नाक किंचित खाली येऊ द्या, घसा चोळा.

मांजर: टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. पोटाला टाके असतील तर टॉवेल तिथे आवळू नका, खांद्यांजवळ आणि पुढच्या पायांवर घट्ट. मागून धरा, समोरून चालून येऊ नका. गालांच्या हाडांवरून डोकं पकडून नाक छताकडे केलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मुळाशी सोडा, तोंड मिटा, डोकं लगेच खाली. बोटं आत घालायची भीती वाटत असेल तर गोळी ढकलायची दांडी मिळते, टोकाला मऊ रबर असलेली.

आणि यानंतर पाणी. ही पायरी लोक सर्रास गाळतात. मांजराला दिलेली कोरडी गोळी अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहू शकते. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन तिथे अडकलं तर आतून भाजतं आणि नंतर नलिका आकसते, मग गिळणंच अवघड. सुमारे ५ ते ६ मिलिलिटर पाणी सिरिंजने हळूहळू द्या, किंवा लगेच थोडं ओलं खाणं.

एका वेळेला दोन प्रयत्न. तिसरा नाही. अर्धा तास सोडून द्या. झटापटीत टाक्यांवर ताण येतो, आणि तुमच्या हातावर दात. मांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसला तरी खोल असतो आणि लवकर पिकतो. साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

७. पातळ औषध

सिरिंजचं टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या खिशात. डोकं सरळ ठेवा, वर करू नका. थोडं सोडा, गिळू द्या, मग पुढचं. डोकं मागे वाकवून एकदम पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. चपट्या नाकाच्या जातींना आणि अजून भुलीच्या गुंगीत असलेल्यांना हा धोका जास्त, त्यामुळे पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काहीही नको.

८. औषधाचं रूप बदलून मागा

दोन दिवस धडपड करूनही निम्मे डोस चुकत असतील तर यात हार-जीत काही नाही, औषधाचं रूप त्या प्राण्याला जमत नाही एवढंच. चवीची चघळायची गोळी, पातळ द्रावण, दवाखान्यात जाऊन घ्यायचं इंजेक्शन, कातडीवर लावायचा पट्टा असे पर्याय असतात. मांजरांसाठी मानेच्या मागे कातडीवर सोडायचं ब्युप्रेनॉर्फिनचं द्रावण अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. ते दवाखान्यातच लावतात आणि एकदा लावलं की चार दिवस काम करतं. तुमच्या डॉक्टरांकडे यातलं काय आहे ते विचारा. यात खर्च वाढतो, म्हणून मी हा पर्याय शेवटी ठेवला. पण दात काढलेल्या मांजराच्या बाबतीत मी इथूनच सुरुवात करते.

इथे हात थांबवा आणि दवाखाना गाठा

हिरड्या पांढुरक्या, निळसर किंवा तपकिरी दिसल्या. श्वास जोरात किंवा तोंड उघडून चालू आहे. उलट्या थांबत नाहीत. जखम उघडली, रक्त गळतंय, पोट फुगत चाललंय. चोवीस तासांत लघवी नाही. मांजराने चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही. झटके, कोसळणं, हाक मारूनही न उठणं. चेहरा किंवा पंजे सुजले. चुकून दुप्पट डोस गेला. यातलं काहीही असेल तर वरची एकही पायरी करत बसू नका.

आणि माणसांच्या औषधांचा डबा उघडू नका. रात्री अकराला गोळी थुंकली गेली, प्राणी विव्हळतोय आणि आपल्या कपाटात पॅरासिटामॉल आहे, हा मोह मला समजतो. मांजराच्या यकृतात ते निकामी करून बाहेर टाकणारी व्यवस्थाच तोकडी आहे. साठलेलं विष रक्तातल्या लाल पेशी बिघडवतं, त्या ऑक्सिजन वाहू शकत नाहीत, हिरड्या मातकट होतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला भोकं पडतात, मूत्रपिंडं बंद पडतात. ॲस्पिरिन "साधं" म्हणून देणारेही भेटतात. चालू वेदनाशामकावर ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड चढवणं म्हणजे जठराला दोन्हीकडून मार. दिलंच गेलं असेल तर लपवू नका. कोणतं, किती आणि किती वाजता, हे लगेच सांगा. डॉक्टर रागावतील, पण वेळ वाचेल.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

मग तुम्ही नशीबवान. आठवडाभर आधीपासून रोज रिकामा घास द्या, रिकामी सिरिंज गालाला लावून खाऊ द्या, पाच मिनिटं कोन घालून ठेवा. प्राणी औषध प्यायची सवय दुखत नसताना शिकतो, दुखत असताना नाही.

चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, सांध्यांसाठीची आणि खाजेची पण. काही औषधं बंद केल्यावर, ऑपरेशनची औषधं सुरू करण्याआधी, मध्ये ठरावीक दिवस जावे लागतात. ऑपरेशनच्या सकाळी गोळी घासात घालून देऊ नका, कारण भुलीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. किती तास उपाशी ठेवायचं हे दवाखाना सांगेल. पिल्लांना आणि मधुमेही प्राण्यांना तेच तास लागू होत नाहीत. दवाखान्यात जायची भीती कमी व्हावी म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी गॅबापेंटिन दिलं असेल, तर ते कशाबरोबर द्यायचं हेही आधीच विचारून ठेवा.

घरी न्यायला जाल तेव्हा पिंजरा आधी खाली ठेवा आणि दोन्ही हात मोकळे करून चिठ्ठी समजून घ्या. पहिला डोस किती वाजता, तो थुंकला तर काय करायचं, आणि रात्री फोन कुणाला करायचा. टाके निघाल्यावर उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत द्या. पुढच्या आजारपणात त्याच प्राण्याचं वजनही वेगळं असतं आणि मूत्रपिंडंही.